परत न आलेल्या वाघिणी

सटवाजी मिस्तरी गेले ते मला शाईच्या पुड्या मोजताना कळलं. स्टेशनावरचा सांधेवाला लेकरांसाठी वह्या घ्यायला दुकानात आला होता. वह्या काखेत मारून तो पायरीवरच थांबला आणि म्हणाला, "बापूराव, मिस्तरी गेले. आज सकाळी, पूर्णेच्या गाडीच्या टायमाला." मी विचारलं, "गाडी वेळेवर होती का?" तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. माणूस गेल्याचं ऐकल्यावर विचारायची ही गोष्ट नव्हे, हे मलाही कळत होतं; पण दुसरं काही तोंडातून निघेना. तो गेल्यावर पुड्या किती मोजल्या ते आठवेना, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली... त्याला आता सव्वा महिना होतो. तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणतो आहे आणि रोज दुकान उघडायची वेळ होते.

हिंगोलीबाहेर मिस्तरींना कोणी ओळखत नसणार, म्हणून थोडं आधीपासून सांगतो. ते मूळचे साखऱ्याचे. तरुणपणी पूर्णेच्या रेल्वे शेडात मालडब्यांच्या दुरुस्तीवर सुतार होते. डबे जोडताना डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि नोकरीही गेली. मग बायकोला, सोजराबाईंना, घेऊन ते हिंगोलीला आले आणि माझ्या दुकानामागच्या गल्लीत दोन खणांची जागा घेऊन राहिले. मी तेव्हा तिशीत होतो. वडिलांच्या पश्चात दुकान नुकतंच माझ्या हाती आलं होतं: वह्या, दौती, आरसे, कंगवे आणि काचेच्या कपाटात थोडी खेळणी. एके दिवशी मिस्तरी आले आणि धोतराच्या सोग्यातून एक लाकडी वाघीण काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मालगाडीच्या डब्याला आमच्याकडं वाघीणच म्हणतात. ही वीतभर लांब होती. मी ती बोटानं ढकलली. ती टेबलाच्या या टोकावरून निघाली ती दुसऱ्या टोकाला मिस्तरींनी हात आडवा धरला म्हणून थांबली. "इकाल का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांची आणि माझी सोबत अशी सुरू झाली.

त्यांच्या वाघिणी तीन भावांच्या असत. चार आण्याची, रुपयाची आणि चार रुपयांची. आणि हे रुपये हाली, निजामाचे. लांबीला तिन्ही सारख्या, रंगानंही तशाच. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक हटकून वाद घाली. गोरेगावचे एक शेतकरी दोन्ही हातांत दोन वाघिणी घेऊन मिस्तरींवर तणतणले होते ते मला अजून ऐकू येतं. "ही बी वीतभर, ती बी वीतभर. हिला चार चाकं, तिला बी चारच. मंग ही चार आण्याला अन् ती चार रुपयांला काहून? दूध देती का काय ती?"

"दूध न्हाई देत, पाटील," मिस्तरी म्हणाले. "पोटाकून पाहा. गाडीची किंमत तिच्या पोटाला असती."

आणि त्यांनी तिन्ही वाघिणी उलट्या करून मांडल्या. चार आण्याचीचं पोट सपाट होतं. सालईच्या हलक्या लाकडाचा एकच ठोकळा, खिळ्यांनी ठोकलेली चाकं, वरून गेरूचे दोन हात. रुपयाचीला लोखंडी आस आणि कातलेली चाकं. चार रुपयांची उलटी केली तेव्हा मात्र पाटीलही वाकून बघायला लागले. सागवान, बाजूची एकेक फळी निराळी तासून बसवलेली, दार खाचेतून सरकणारं, चाकं पितळेची. चाकांवर घड्याळाच्या मोडक्या स्प्रिंगा कापून केलेल्या कमानी. वर लोणच्याची बरणी ठेवली तर वाघीण खाली दबे, आणि बरणी उचलली की पुन्हा वर येई. अशी एक करायला दीड महिना लागे. दीड महिन्याचे चार रुपये... ती किंमत खरं म्हणजे कमीच होती. पण मिस्तरी म्हणत, "जास्ती लावली त लोक कपाटात ठिवतील. गाडी धावाया पायजे."

आणखी एक गोष्ट त्या पोटावर असे. रेल्वेच्या प्रत्येक मालडब्यावर त्याचं शेड आणि तपासणीला परत यायची तारीख लिहिलेली असते. डबा मद्रासला जावो की आणखी कुठं, त्या तारखेला तो आपल्या शेडात यायलाच हवा. मिस्तरींनी हा नियम शेडातून घरी आणला होता. आपल्या प्रत्येक वाघिणीच्या पोटावर ते बारीक पटाशीनं कोरायचे आणि कोरलेल्यात पांढरा रंग भरायचे: 'स. मि. हिंगोली. परत दसरा.' चार रुपयांच्या वाघिणीला त्याखाली नंबर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात लेकरांची रांग लागे. मिस्तरी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसत. प्रत्येक वाघीण उलटी करत, एका इवल्या हातोडीनं चाकाला टिचकी मारून कान लावत, जवसाच्या तेलाचा थेंब सोडत. काही मोडलं असेल तर तिथंच नीट करत. एक पैसा घेत नसत. "ही कुठं धडकवली रे?" असं रागावून विचारत आणि पोरगं जे सांगेल ते खरं धरत. पहिल्या तीन महागाच्या वाघिणी गावातल्याच घरी गेल्या होत्या. त्याही दर दसऱ्याला येत. त्या आल्या की मिस्तरी सोजराबाईंना बाहेर बोलावत. "ये, पाहा. पोरी माहेराला आल्या."

जर्मनीची लढाई सुरू झाली आणि बाहेरून येणारी खेळणी बंद झाली. माझ्या कपाटात तेव्हा मिस्तरींची चौथी वाघीण होती. एक दिवस दुपारी एक साहेब दुकानात आले. सरकारी इंजिनियर, दौऱ्यावर आलेले. त्यांच्या घरी मुलांसाठी विलायती इंजिन आणि रूळ होते. डबे मोडले होते आणि नवे कुठं मिळत नव्हते. त्यांनी कपाटातली वाघीण बघितली. मिस्तरींनी चाकांचं अंतर माझ्याकडच्या एका विलायती पत्र्याच्या डब्यावरून सुतळीनं मोजून घेतलेलं, त्यामुळं ती त्या रुळांवर बरोबर बसणार होती. "विलायती है ना?" साहेबांनी विचारलं. मी हो म्हणालो. का म्हणालो? आठ वर्षं मी याचं उत्तर शोधतो आहे. इतकंच सांगू शकतो की त्या माणसाला ते ऐकायचं होतं आणि मला नाही म्हणायला जड गेलं. "लकडी की?" ते म्हणाले. मी म्हणालो, लढाईमुळं तिकडं पत्रा मिळत नाही, आता लाकडाच्याच करतात. किंमत विचारली तेव्हा तोंडातून गेलं, "अठरा कलदार." म्हणजे इंग्रजी रुपये, हालीहून भारी. साहेबांनी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी माणूस पाठवतो, बांधून ठेवा म्हणाले.

तोंडातून गेलेलं खोटं परत घेता आलं असतं. संध्याकाळपर्यंत वेळ होता. त्या वेळात मी वाघीण उलटी केली आणि पेन्सिलीला टोक करायच्या चाकूनं ती अक्षरं खरवडली. मिस्तरींनी खोल कोरलं होतं, त्यामुळं पुष्कळ खरवडावं लागलं. मग त्यावर तेल आणि काजळी चोळली. माझ्या नखांत तो पांढरा रंग दोन दिवस होता. मिस्तरींना मी त्यांचे चार रुपये दिले. त्यांनी विचारलं, "कोणी नेली?" मी म्हणालो, एका मोठ्या साहेबांनी. "सांगितलं ना त्यांला, दसऱ्याला परत आणायची म्हणून?" मी म्हणालो, सांगितलं.

मग एकदा जे जमलं ते जमतच गेलं. साहेबांनी दुसऱ्या साहेबांना सांगितलं असावं. लढाईच्या त्या वर्षांत चार ते नऊ अशा सहा वाघिणी मी विलायती म्हणून विकल्या, आणि सहाही आधी खरवडल्या. हाली चार आणि कलदार अठरा यांच्यामधलं सगळं अंतर माझ्या तोंडाचं आणि माझ्या चाकूचं होतं. मला पैशाची गोडी लागली होती, हेही आता लपवत नाही. पण त्याहून गोडी लागली होती ती "बापूरावांकडं विलायती माल मिळतो" या बोलण्याची.

त्या सहांतली एकही दसऱ्याला आली नाही. कशी येणार? ज्यांच्या घरी त्या होत्या त्यांना ते ठाऊकच नव्हतं. पण मिस्तरींच्या लेखी मी सर्वांना निरोप दिलेला होता. आणि शेडातला हिशेब त्यांना पाठ होता: डबा तारखेला आला नाही तर तो कुठंतरी मोडला, भंगारात गेला. दुसरं कारणच त्यांना माहीत नव्हतं. दसऱ्यानंतर चार-आठ दिवस ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. चहाच्या हॉटेलात बसणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. "मिस्तरी, तुमची चार रुपयेवाली कुठवर पोचली? सिग्नल मिळाला न्हाई का तिला?" असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, "चार आण्याची घरी येती, चार रुपयांची पळून जाती. वाघीणच हाय ती." मिस्तरी हसत. मीही तिथं चहा पीत असे. मीही हसलो आहे.

तिसऱ्या दसऱ्याला ते इंजिनियर साहेब हिंगोलीला आले. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानात येऊन त्यांनी टेबलावर चौथी वाघीण ठेवली. तिचं दार खाचेतून निसटलं होतं, बाकी काही झालं नव्हतं. "काम देखिए," ते म्हणाले. "तीन साल से बच्चे पटक रहे हैं, एक पहिया नहीं हिला. अपने यहाँ ऐसा काम कौन करता?" दार बसवून ठेवा, उद्या नेतो, असं सांगून ते गेले. मी चाकाला बोट लावलं. ते फिरत राहिलं... मी मनात पन्नासापर्यंत मोजलं असेल. दोनशे पावलांवर, मागच्या गल्लीत, त्याच वेळी मिस्तरी ओट्यावर हातोडी घेऊन बसले होते. मी वाघीण टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला.

दिवस मावळायच्या सुमाराला मिस्तरी दुकानात आले. टोपी तशीच होती. बाकावर बसले.

"चौथी आली न्हाई, बापूराव."

"साहेब लांबचे. विसरले असतील."

"तीन दसरे गेले. इसरायला बी काही हद हाय. तुमी सांगितलं होतं ना बराबर?"

"सांगितलं होतं."

"मंग मोडली ती." हाताकडं बघत ते म्हणाले, "पहिल्या तीन केल्या तवा हात चांगला होता. चौथीपून काही तरी चुकून राहिलं. आस तिरपी जात असंल. दोन बोटं पहिल्यापून कमी, आता वयानं ती नडत असंल. मी लई पाहिलं, मला दिसत न्हाई. पण गाडीला कळतं ना."

माझा गुडघा खणाला टेकलेला होता. खण ओढला असता तर त्या माणसाचा हात त्याला परत मिळाला असता. तीन वर्षं पोरांनी आपटलेली वाघीण, न डगमगलेली चाकं, साहेबांचे शब्द, सगळं तिथं होतं. त्याच्याबरोबर तिचं खरवडलेलं पोटही होतं. मी म्हणालो, "मिस्तरी, चहा मागवू का?"

त्यांनी चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, "आता चार आण्याचीच करीन. ती येती तरी." चौथीचं दार मीच खाचेत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी साहेब ती घेऊन गेले. दहावी मिस्तरींकडं अर्धी तयार होती. तिच्या फळ्या त्यांनी सोजराबाईंच्या पोळपाटाला पाय म्हणून लावल्या. मी त्यांना पुन्हा महागाची करा म्हणून पुष्कळ विनवलं. आधी माझ्या लोभानं, नंतर बहुधा माझ्या सुटकेसाठी. ते म्हणत, "लोकाचा पैसा फुकट काहून घालवा?" पुढची चार-पाच वर्षं त्यांनी सालईच्या ठोकळ्याखेरीज कशाला पटाशी लावली नाही. ज्यांच्या हातून घड्याळाच्या स्प्रिंगांच्या कमानी होत होत्या ते मिस्तरी खिळे ठोकून चाकं बसवत राहिले. आणि तेही करताना ठोकळा डोळ्यांसमोर धरून, आस तिरपी तर नाही ना, हे पुन्हा पुन्हा बघत.

या वर्षी उन्हाळ्यापासून निजामाचं राज्य जाईपर्यंत काय दिवस गेले ते सर्वांना माहीत आहे. गाड्या बंद, बाजार बंद, कोण कुठं निघून गेलं त्याचा पत्ता नाही. त्यातच मिस्तरींची छाती भरली. गाड्या सुरू झाल्या तेव्हा ते बाजेवरून उठत नव्हते. जाण्याच्या आठ दिवस आधी मी गेलो होतो, सांगायचंच असं ठरवून. दम लागत होता तरी ते उशीला टेकून बसले. इकडचं तिकडचं झालं. मग तेच म्हणाले, "बापूराव, एक इचारू? चौथीचं काय मोडलं असंल? आस का कमान?" ... मी म्हणालो, "आता कशाला त्याचा विचार? पडा तुम्ही." त्यांनी मान हलवली आणि ते पडले. मी उंबऱ्याबाहेर आलो. परत आत जावं म्हणून थोडा वेळ उभा होतो, आणि नंतर दुकानाकडं निघालो.

गेल्या आठवड्यात मी सोजराबाईंकडं गेलो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. साहेब, चाकू, खण, काही वगळलं नाही. त्यांचं शेंगा सोलणं चालू होतं.

"झालं सांगून?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"मला काहून सांगता? मी त पहिल्यापून म्हणत होते, गाड्या चांगल्या हायेत म्हणून. त्यांलाच पटत नव्हतं." त्यांनी सुपातले दाणे एका बाजूला सारले. "रातंदिस हाताकडं पाहत बसायचे. म्हणायचे, सोजरे, या हातानं लोकाला फसवलं मी. अन् तुमी बाहीर बसून चहा पिवून राहिले होते."

पैसे काढायला खिशाकडं माझा हात गेला तो त्यांनी पाहिला. "ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या घरी त्या गाड्या हायेत त्यांला सांगा, कोणी केल्या ते. माझ्यापाशी कबूल करून तुमाला हलकं वाटंल, दुसरं काय होतं?"

त्यांचं खरं आहे. हलकं मात्र वाटलं नाही. त्या साहेबांपैकी कोणाचाही ठावठिकाणा आज मला माहीत नाही. कोणी हैदराबादेत असतील, कोणी मुलूख सोडून गेले असतील, कोणी सामान विकून गेले असतील. म्हणून हे इथं लिहितो. कोणाच्या घरी लढाईच्या वर्षांत हिंगोलीहून घेतलेली एखादी लाकडी विलायती वाघीण असली, वीतभर लांब, पितळी चाकांची, सरकत्या दाराची, तर ती जरा उलटी करून बघावी. आसांच्या मधल्या जागी बोट फिरवलं की तिथं खळगा लागेल. तो खळगा माझा आहे. बाकीची सगळी वाघीण सटवाजी मिस्तरींची आहे.